तळ्यातल्या अकरा जणांची नावं

माझ्या पणजीला घरच्यांनी सवाष्ण म्हणून निरोप दिला. मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. गावातल्या बायका म्हणाल्या, भाग्याची गेली. तिचा नवरा मरून तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती, पण हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

माहीत झालं ते १९२६ साली, माझ्या सगुणाकाकीमुळे.

सगुणाकाकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका मुंबईला गिरणीत होते, वर्षातून शिमग्याला यायचे. काकीला मूल नव्हतं. ती सुईण होती. पूर्णगडच्या खाडीच्या दोन्ही अंगांना आठ-दहा गावांत तिला बोलावणं यायचं. उंच, हाडापेराने मोठी, बोलायला कमी. लिहितावाचता येत नव्हतं, पण कुठल्या घरात कोणतं मूल कोणत्या तिथीला झालं आणि कसं झालं, हे तिला वीस वर्षांनंतरही सांगता यायचं. माझी आई गंगा ही तिची धाकटी जाऊ. मी हे सांगतो आहे ते बरंचसं आईकडून ऐकलेलं.

त्या वर्षी माघात पूर्णगडाखालच्या एका खलाशाच्या घरी काकी गेली होती. घर केरूचं. त्याची बायको मैना पहिलटकरीण. दुपारी मुलगा झाला. काकी हात धुऊन पडवीत आली, तेव्हा केरूचा आजा तिथं बसलेला होता. विठू त्याचं नाव. पंच्याऐंशीचा तरी असेल. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. तो मूळचा कुठला हे त्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. तरुणपणी आला, होडीवर राहिला, तिथलाच झाला.

त्यानं विचारलं, "तू कुठली गो?"

"कोंडवाडीची."

म्हातारा म्हणाला, "कोंडवाडीचा रावजी. रावजी भिवा. ओळीत तिसरा."

काकीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रावजी भिवा हे तिच्या आजेसासऱ्याचं नाव. तो कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई होता आणि सत्तावनच्या बंडानंतर त्याचा पत्ता लागला नव्हता. पलटणीतून पळाला, असं गावात म्हणत. आमच्या घरात त्याचं नाव फारसं निघत नसे.

"कसली ओळ?" काकीनं विचारलं.

विठूनं तिला थोडकंच सांगितलं. घाटावर छावणी होती. शेजारच्या पलटणीत बंड झालं, तेव्हा साहेबाला यांच्याही पलटणीचा भरवसा वाटेना. सकाळी सगळ्यांच्या बंदुका काढून घेतल्या. अकरा जणांना बाजूला काढलं. चौकशी नाही, पंच नाही. छावणीमागे कोरडं तळं होतं, तिथं नेऊन ओळीत उभं केलं आणि गोळ्या घातल्या. तिथंच माती लोटली. अकराही जण आपल्या रत्नागिरीकडचे. घरी कोणाला कळवायचं नाही, असा हुकूम होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बिगूल वाजवायचो. सोळा वर्षांचा होतो."

काकी घरी आली आणि तिनं सासूला, म्हणजे माझ्या आजीला, सांगितलं. सोनूबाई माझी आजी. रावजीची सून. आजी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. तिची सासू, म्हणजे माझी पणजी, आयुष्यभर रोज कुंकू लावून वाटेकडे डोळे लावून बसायची. पितृपक्षात घरातल्या सगळ्यांची पानं वाढली जायची, रावजीचं वाढलं जात नसे, कारण जिवंत माणसाचं पान वाढत नाहीत. घरात मूल दगावलं, गुरं गेली, की देवळात कौल लावला जायचा आणि गुरव दर वेळी एकच सांगायचा: तुमच्यातलं कोणीतरी उपाशी आहे.

त्या भाद्रपदात आमच्या घरात रावजीचं पान वाढलं गेलं. जेवणं झाल्यावर आजी काकीला म्हणाली, "बाकीच्या दहा घरांतपण कोणीतरी असंच बसलं असेल. तू जा. त्यांना सांग."

काकी पुन्हा पूर्णगडला गेली. मैनाच्या आता रांगणाऱ्या पोराला तेल लावायच्या निमित्तानं ती चार-पाच दिवस जात राहिली आणि विठूकडून नावं घेत राहिली. तो नावं ओळीनंच सांगायचा. पहिला अमुक, दुसरा तमुक. मधूनच विचारलं तर त्याला सांगता येत नसे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. काकीनं ती जात्यावर दळताना म्हणून म्हणून पाठ केली. शेवटच्या दिवशी विठूनं तिला विचारलं, "त्या घरांतून तू फिरशील. तिथं कोणी बिगुलवाल्याबद्दल काही बोललं, तर मला येऊन सांगशील?"

काकीला तो प्रश्न आवडला नाही. पण तिनं मान हलवली.

पहिलं घर सापडलं मिरजोळ्याला. ओळीतला चौथा, गणू धाकू. त्याचा नातू काशीराम चाळिशीचा होता, मुंबईला गोदीत काम करून परत आलेला. काकीनं ओटीवर बसून सांगितलं. काशीराम ऐकत राहिला. मग त्यानं आपल्या आजीचं सांगितलं. गणू पळाला अशी बातमी आल्यावर तिला पळपुट्याची बायको म्हणून सासरी ठेवली नाही, माहेरच्यांनीही घेतली नाही. पोटाशी चार महिन्यांचं मूल. ती मिरजोळ्याच्या एका गोठ्यात राहिली आणि शेणगोठा करत मेली. ते चार महिन्यांचं मूल म्हणजे काशीरामचा बाप.

"म्हणजे तो पळाला नव्हता," काशीराम म्हणाला.

"नाही."

"मग त्या अकरा जणांनाच का काढलं? पलटणीत शेकडो असतील."

काकीला हे ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत तिला आणखी तीन घरं सापडली. एका घरी सगळे रडले. दुसऱ्या घरी मालकानं पाणीही न विचारता सांगितलं, "आमचा मुलगा सरकारी नोकरीत आहे. बंडवाल्याचं नाव आमच्या दारात घेऊ नका." तिसऱ्या घरचे तिला नमस्कार करून म्हणाले की त्यांच्याकडे असा कोणी नव्हताच, आणि ती वळल्यावर आतून एका बाईचा हुंदका ऐकू आला. आमच्या गावच्या पोलीसपाटलानं माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. "तुझी वहिनी मेलेल्या शिपायांची नावं सांगत फिरते म्हणे. वर कळलं तर मला लिहावं लागेल. तिला आवर." वडिलांनी तसं सांगितलं. काकी म्हणाली, "मी काही लिहिलेलं नाही. काय पकडणार आहेत?"

ओळीतला सातवा सोननाक. त्याचं गाव पावसच्या अंगाला. काकीला महारवाड्यात जायचं होतं. त्या काळी आमच्यातली बाई तिथं पाऊल टाकत नसे. काकी भर दिवसा गेली आणि चिमा नावाच्या म्हातारीच्या अंगणात जाऊन बसली. चिमा सोननाकाची मुलगी. बाप गेला तेव्हा ती वर्षाची होती.

काकीनं सांगायला सुरुवात केली, तशी चिमा म्हणाली, "मला माहीत हाय."

"कसं?"

"त्या पलटणीतला एक जण दुसऱ्या साली परत आला होता. आमच्याच भावकीतला. त्यानं आवशीला सगळं सांगितलं. आवशीनं त्याच दिवशी बांगड्या फोडल्या." मग ती म्हणाली, "त्यानं बिगुलवाल्या पोराचंपण सांगितलं."

"काय सांगितलं?"

"साहेबाच्या घोड्याजवळ उभा होता. साहेब पलटणीसमोरून चालत होता आणि तो पोर बोट करत होता. हा, हा, आणि हा. ज्याच्यावर बोट केलं, तो बाहेर काढला."



"तू नावं कशी सांगतेस ते मी ऐकलं," चिमा म्हणाली. "पहिला, दुसरा, सातवा. ओळ बघितलेल्यानंच तुला सांगितलं असणार. तो हाय का अजून?"

काकी उठली. खोटं तिला बोलता आलं नाही आणि खरं तिनं सांगितलं नाही. चिमाला जे समजायचं ते समजलं.

महारवाड्यात बसून आली म्हणून वाडीनं काकीला महिनाभर कोणाच्या बाळंतपणाला बोलावलं नाही. त्याचं तिला फार वाटलं नाही. दोन दिवसांनी ती पूर्णगडला गेली आणि पडवीत विठूसमोर उभी राहिली.

"तुम्ही बोट केलंत?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. दाराकडेच बघत म्हणाला, "साहेबानं मला आदल्या दिवशी कोठडीत घातलं होतं. म्हणाला, रात्री बराकीत कोण कोण कुजबुजत होते ते सांग, नाहीतर उद्या तोफेच्या तोंडाला तुला बांधतो. मला कोणाचं काही माहीत नव्हतं, सगुणा. मला ज्यांची तोंडं ओळखीची होती, त्यांच्यावर मी बोट केलं. आपल्याकडचे होते ना. मला खाऊ द्यायचे. नावं मला त्यांचीच येत होती."

"रावजी?"

"त्या रात्री तो तापानं फणफणला होता. तो कुजबुजायला कुठं जाणार."

 आत मैना पोराला पाजत होती. विठू म्हणाला, "एकाहत्तर वर्षं मी दाराकडे तोंड करून झोपतो. कोणीतरी येणार, हे मला माहीत आहे. मी मेल्यावर सांग सगळ्यांना. त्याआधी नको. घरात पोर आहे."

काकी परत आली ती आजारी पडली. आईला तिनं तेव्हाच सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला नाही. आजीलाही नाही.

पण चिमानं काशीरामला सांगितलं होतं. काशीराम त्या दोन वर्षांत सापडलेल्या सगळ्या घरांतून हिंडला होता, चिमाकडेही गेला होता. एके सकाळी तो आमच्या अंगणात आला. कमरेच्या आकडीला कोयती होती. ती काय, आमच्याकडे रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला असते. पण तो रानात निघालेला नव्हता.

"बिगुलवाला जिवंत आहे," तो म्हणाला. "कुठं आहे?"

"मला विचारू नकोस."

"माझी आजी गोठ्यात मेली, सगुणाबाई."

"माझी आजेसासू मळवट भरून गेली," काकी म्हणाली. "तरी विचारू नकोस."

तो निघून गेला आणि आठ दिवसांनी परत आला. आमच्या घरासमोरच्या फणसाखाली बसून राहिला.  असा तो पुढं सारखा यायला लागला. काकी बाळंतपणाला निघाली की तो काही अंतर ठेवून मागून चालायचा, ती ज्या घरात शिरेल त्या घरातली म्हातारी माणसं बघायचा आणि परत फिरायचा. काकीनं पूर्णगडला जाणं सोडलं. माझ्या वडिलांनी त्याला दोनदा हाकललं. तो भांडला नाही. फणसाखालून उठून बांधाच्या पलीकडे जाऊन बसला. आई सांगायची की त्या दिवसांत घरातल्या कोणाला धड जेवण जात नसे.

१९२९च्या मार्गशीर्षात सकाळी केरू धावत आला. मैना दुसऱ्या वेळी अडली होती. मूल पायाळू होतं, पाय बाहेर आला होता आणि तिथल्या बाईला काही सुचत नव्हतं. केरूला काशीरामचं काही माहीत नव्हतं. तो अंगणातूनच ओरडून सांगत होता आणि फणसाखाली बसलेल्या माणसाला 'पूर्णगड' स्पष्ट ऐकू जात होतं.

काकीनं फणसाकडे बघितलं. मग कनवटीला सुपारी खोचली आणि निघाली.

खाडी ओलांडायच्या होडीत तिघं होती. पुढं केरू, मधे काकी, मागे काशीराम. काकी एकदाच बोलली. मागे न बघता म्हणाली, "घरात दोन जीव अडकलेत. ते मोकळे होईपर्यंत तू काही करणार नाहीस."

काशीराम म्हणाला, "ठीक."

घरात शिरताना काकीनं विठूकडे बघितलं नाही. ती आत गेली. मैनाच्या तोंडावर रंग नव्हता. काकीनं हाताला तेल लावलं आणि कामाला लागली. बाळंतिणीची खोली आणि पडवी यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. बाहेरचा शब्द न् शब्द आत येत होता आणि काकीला हात सोडून उठता येत नव्हतं.

"तू कोणाचा?" विठूचा आवाज.

"मिरजोळ्याचा. काशीराम."

"मिरजोळ्याचा गणू धाकू," म्हातारा म्हणाला. "चौथा." आणि मग, "बस."

त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. कोठडी, घोडा, बोट, खाऊ. काकीचा एक हात मुलाच्या पाठीखाली होता. खांदे अडकले होते. ती मैनाला सांगत होती, थांब, आता जोर नको, थांब. बाहेर म्हाताऱ्याचं बोलणं संपलं. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. आई म्हणायची, काकीनं आयुष्यात एवढी भीती कधी खाल्ली नव्हती, कारण तिला बाहेर काय चाललं आहे ते बघता येत नव्हतं आणि आत हात हलवला असता तर मूल गेलं असतं.

मूल आलं. मुलगी. निळी होती, काकीनं पाय धरून थोपटली तेव्हा रडली.

काकी रक्तानं भरलेल्या हातांनी तशीच बाहेर आली. विठू भिंतीला टेकून होता. काशीराम समोर उकिडवा बसला होता. कोयती आकडीलाच होती.

"मी याला नेणार आहे," काशीराम म्हणाला.

"कुठं?"

"घरोघरी. जे मला सांगितलं ते यानं तिथं सांगायचं. स्वतःच्या तोंडानं. तू नाही."

"अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस आहे. वाटेत मरेल."

विठू म्हणाला, "नेऊ दे."

केरूनं अडवलं नाही. आज्याचं ऐकून तो ओटीच्या खांबाला धरून बसला होता. तिसऱ्या दिवशी काशीरामनं मिरजोळ्याहून तिघांना आणलं, बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि म्हाताऱ्याला तिच्यात घातलं. काकी बरोबर निघाली. तिनं नावं सांगत फिरायला सुरुवात केली होती. डोलीमागून चालणं तिला टाळता येईना.

पहिल्या दिवशी डोली आमच्याच अंगणात उतरली. आईच्या कडेवर मी होतो. विठूनं आजीसमोर सांगितलं की रावजी त्या रात्री तापानं पडला होता आणि तरी आपण त्याच्यावर बोट केलं. आजीनं ऐकून घेतलं. तिनं विचारलं ते भलतंच. "तळ्याशी नेताना ताप होता का अजून?"

"होता. दोघांनी धरून चालवला."

आजी आत गेली आणि डोली उठेपर्यंत बाहेर आली नाही.

चार दिवसांत पाच घरं झाली. सरकारी नोकरीवाल्याच्या घरी दार उघडलं नाही. विठूनं बंद दारासमोर सांगितलं. ज्या घरी असा कोणी नव्हता म्हणाले होते, तिथली एक म्हातारी बाहेर येऊन त्याच्या तोंडावर थुंकली आणि मग पायरीवर बसून राहिली. लोक आता वाटेवर उभे राहून बघायला लागले होते. पोलीसपाटलानं माणूस पाठवून सांगितलं की हे आजच्या आज बंद झालं नाही तर तो रत्नागिरीला कळवणार. काशीरामनं ऐकलं आणि डोली पावसच्या वाटेला लावली.

चिमा अंगणातच होती. विठूचा आवाज आता बसला होता, ओठांजवळ कान न्यावा लागत होता. त्यानं सांगितलं आणि पाणी मागितलं. डोलीवाले एकमेकांकडे बघायला लागले. महाराच्या घरचं पाणी. चिमानं लोटा भरून आणला, पण लगेच दिला नाही.

"माझ्या बापसानं शेवटी काय म्हटलं?" तिनं विचारलं.

"माझ्याकडे बघितलं," विठू म्हणाला. "म्हणाला, पोराला लांब न्या, त्याला हे दाखवू नका."

 चिमानं लोटा काकीच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू पाज. माझ्यानं होणार नाय."

काकीनं पाजलं.

दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्याची वाचा गेली. त्याला पूर्णगडला परत नेलं. आठव्या दिवशी तो गेला. काशीराम मर्तिकाला आला होता. लांब वाळूत उभा राहिला आणि राख निवायच्या आत निघून गेला. पुढं तो कधी आमच्या वाटेला आला नाही. मैनानं काकीला निरोप पाठवला की आता आमच्याकडे येऊ नका. ती मुलगी जगली, पण काकीला ती पुन्हा बघायला मिळाली नाही.

पोलीसपाटलानं खरोखरच लिहिलं होतं. १९३०च्या उन्हाळ्यात, मिठाची गडबड चालू असताना, दोन शिपाई आले आणि काकीला रत्नागिरीला घेऊन गेले. नावांची यादी कुठं आहे, म्हणून दिवसभर विचारत होते. ती म्हणाली, यादी नाही. त्यांनी आमचं घर उलथंपालथं केलं, भाताच्या कणग्या ओतल्या. कागदाचा तुकडा सापडला नाही. तिसऱ्या दिवशी तिला सोडलं. काय झालं हे तिनं सांगितलं नाही, पण त्यानंतर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे आणि अवघड बाळंतपणं तिनं घेणं सोडलं.

तरीही तिनं शोधणं थांबवलं नाही. १९३४पर्यंत नऊ घरं झाली. दहावा बाळा नावाचा होता. विठूला त्याचं गाव 'नदीकडचं' एवढंच आठवत होतं. तो सापडला नाही. राहिला अकरावा. त्याचं घर हेदवीकडे आहे असं १९३९मध्ये कळलं. गणपती होऊन गेले होते. काकी आणि माझी आई चालत आणि जयगडची खाडी ओलांडून दोन दिवसांनी तिथं पोचल्या.

घर आनंदीबाई नावाच्या बाईचं होतं. ओटीवर एक ट्रंक उघडी पडली होती आणि एकवीस-बावीस वर्षांचा तिचा मुलगा रघू खाकी कपड्यांची घडी करत होता. लढाई सुरू झाली होती. त्याची पलटणीत भरती झाली होती, उद्याच्या बोटीनं निघायचा होता. आनंदीबाई त्याच्यासाठी वड्या थापत होती. तिनं दोघींना बसायला पाट दिला आणि विचारलं, "कुठून आलात? काय काम काढलंत?"

काकीनं मुलाकडे बघितलं. तो लाजून हसला आणि टोपी घालून दाखवली.

"दशभुजा गणपतीला आलो होतो," काकी म्हणाली. "तहान लागली, म्हणून टेकलो."

आनंदीबाईनं पाणी दिलं, दोन वड्या दिल्या. दोघी उठल्या. देवळाच्या चढावर आईनं विचारलं, "सांगितलं का नाही?"

काकी म्हणाली, "तो परत आल्यावर येऊ."

पुढच्या श्रावणात काकी वारली. रघूचं पत्र घरी येत होतं की नाही, हे विचारायला आमच्याकडून कोणी हेदवीला गेलं नाही.